काचेतलं रान

दि. ६ सप्टेंबर

चि. मुंगी हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. फोन लागत नाही म्हणून चिडू नकोस. टेकडीच्या या कुशीत फोन नुसता खिशात बाळगायचा. रेंज हवी तर खालच्या फाट्यापर्यंत उतरा, आणि एवढं उतरून लावला तरी तुझ्यामागे कुणीतरी सदा हाका मारत असतं. पत्राचं बरं असतं, वाचायला माणसाला खाली बसावं लागतं.

तू बांधलेलं घर झकास आहे. परवा नवीन पोस्टमन आला. वरच्या पायवाटेनं उतरला तो थेट छपरावरच्या गवतात येऊन उभा राहिला आणि मला विचारू लागला की इथे दातांच्या डॉक्टरीणबाईंचं घर कुठे आहे. मी म्हटलं, बाबा रे, तू त्यांच्या स्वयंपाकघराच्या डोक्यावर उभा आहेस. तो असा दचकला की पत्रांची पिशवीच हातातून सुटली. बाईंना सांगितलं तर त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. त्यांना हेच तर हवं होतं. चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात वाकून बघितलं, आता मरेपर्यंत झाडं बघणार, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. पश्चिमेच्या लांब काचेसमोर खुर्ची टाकून बसल्या की दुपारचं जेवणसुद्धा विसरतात. टेकडीचाच दगड, टेकडीचाच उतार, वर टेकडीचंच गवत. माझ्या मुंगीनं वारूळ बांधावं तसं बांधलंय.

माझी फाटकाजवळची खोली कोरडी आहे, गुडघा बरा आहे, बागेतलं काम पेलतं. गिरणीत तीस वर्षं धाग्यांच्या धुळीत काढल्यावर ही हवा म्हणजे चैनच. तुझी काकू असती तर म्हणाली असती, आयुष्यभर घर दिलं नाहीत, शेवटी पुतणीनं खोली दिली.

एक विचारायचं होतं. ती लांब काच तू सकाळच्या वेळी बाहेरून कधी बघितली आहेस का? सहज विचारतो.

जेवत जा. कॉफी म्हणजे जेवण नव्हे. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
काका

——

दि. १४ सप्टेंबर

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

आधी बसा. बसलात? आपलं घर देशातल्या वर्षभराच्या सगळ्या नव्या घरांमधून पुरस्कारासाठी निवडलेल्या पाचांत आलं आहे! तीन परीक्षक पाचही घरं प्रत्यक्ष बघायला निघणार आहेत आणि वीस नोव्हेंबरला आपल्याकडे येतील. नियम असा की आर्किटेक्टनं त्या दिवशी तिथे फिरकायचं नाही. म्हणजे सगळी भिस्त तुमच्यावर.

मला काल रात्रभर झोप लागली नाही. काका, हा सन्मान मिळाला तर माझं स्वतःचं ऑफिस होईल. आठ वर्षं थोरल्या साहेबांच्या हाताखाली दुसऱ्यांचे जिने आणि दुसऱ्यांची न्हाणीघरं काढली. त्यांनीसुद्धा काल टेबलाशी येऊन सगळ्यांसमोर पाठ थोपटली. एरवी ते पेन्सिलीला टोक नाही म्हणून ओरडायला येतात.

मासिकात फोटो आलाय, सोबत पाठवते. फोटोवाला संध्याकाळी आला होता, आतले दिवे लावून काढलाय, म्हणून काच अशी पाण्यासारखी आरपार दिसते. सकाळचं म्हणाल तर मी तिथे सकाळी कधी पोचलेच नाही, बांधकाम चालू असतानाही पहिली गाडी दहाला यायची. का विचारलंत? डाग राहतात का? तसं असेल तर साबण बदला. वीस तारखेला त्या काचेवर माशीचं पाऊलही नको. तिच्यामुळेच तर घर दिसेनासं होतं, रान आणि घर यांत फरक राहत नाही. परीक्षकांच्या पत्रात हेच वाक्य आहे.

जेवते. खरंच जेवते. वरणभाताच्या शपथा घ्यायला लावू नका.

तुमच्या आशीर्वादावरच उड्या मारणारी,
मुंगी

——

दि. २२ सप्टेंबर

चि. मुंगी हिस,
अनेक आशीर्वाद.

फोटो बाईंनी भिंतीवर लावला. मी पोस्टमनला दाखवला, दूधवाल्याला दाखवला, आणि फाट्यावरच्या पंक्चरवाल्यालाही. छाती अशी फुगलीय की सदऱ्याची गुंडी लागत नाही. तू सहा वर्षांची आमच्याकडे आलीस तेव्हा तुझ्या काकूनं मला सांगितलं होतं की या पोरीला कशाला अडवू नका. आजवर अडवलं नाही. म्हणूनच पुढचं लिहायला पेन उचलत नाही.

मुंगे, तुझ्या काचेवर पाखरं आपटून मरतात.

पहिलं मे महिन्यात सापडलं. वाटलं, आजारी असेल. मग आठवड्याला एक, कधी दोन. आज सकाळपर्यंत चौतीस झाली. नावं मला येत नाहीत, म्हणून वहीत खुणा लिहिल्या आहेत : पिवळं पोट, डोक्यावर तुरा, निळं पण चोच मोठी. बाई साडेसातला उठतात आणि रात्री कानातलं यंत्र काढून ठेवतात, त्यामुळे त्यांना ऐकू जात नाही. त्या उठायच्या आत मी पाखरं उचलतो, कुंपणापलीकडे पुरतो आणि काच पुसतो. काचेवर धुळीसारखा ठसा उरतो, पंख पसरलेला, पीस न् पीस मोजता येईल असा. तो पुसताना फार वाईट वाटतं.

कारण मी बसून बघितलंय. सकाळी ऊन घराच्या पाठीमागून येतं आणि समोरच्या झाडांवर पडतं. घर सावलीत, झाडं उजेडात. मग काचेत तीच झाडं उभी राहतात, फांदीला फांदी, मध्ये आभाळाचा तुकडा. पाखराला वाटतं पुढेही रान आहे. ते वेगात येतं.

हे मी चार महिने पोटात ठेवलं. तुझं पहिलं घर, त्याला नाट लागू नये असं वाटलं. पण आता थंडीचे पाहुणे पक्षी यायला लागतील, थव्यानं येतात म्हणे. तू हुशार आहेस. काहीतरी सुचव.

रागावू नकोस. रागावलीस तरी पत्र लिही.

तुझा,
काका

——

दि. ३० सप्टेंबर

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. घाईत आहे, थोडक्यात लिहिते.

जगात जिथे काच आहे तिथे पक्षी आपटतात. आमच्या ऑफिसच्या इमारतीखालीही सापडतात, झाडूवाला उचलतो, कुणी त्याची वही ठेवत नाही. सोबत ससाण्याच्या आकाराची काळी चित्रं पाठवते आहे. काचेच्या दोन टोकांना एकेक चिकटवा, त्यांना बघून पक्षी लांब राहतात असं म्हणतात. मध्यभागी लावू नका आणि अठरा नोव्हेंबरला काढून टाका.

बाईंना कृपा करून काही सांगू नका. त्या हळव्या आहेत, चार लोकांत बोलतील, आणि नेमकं हेच परीक्षकांच्या कानावर जाईल. आठ वर्षांनी एक दार किलकिलं झालंय काका. तुम्हाला त्या घराची राखण करायला ठेवलंय, घरावर खटला भरायला नाही.

वीस नोव्हेंबरनंतर बघू काय करायचं ते.

मुंगी

——

दि. ८ ऑक्टोबर

चि. मुंगी हिस,
आशीर्वाद.

चित्रं लावली, सांगितलीस तिथेच. पाखरं चित्राला टाळून हातभर बाजूला आपटतात. चित्राला आपटू नये एवढंच त्यांना कळलं.

बाईंना मी आपणहून काही सांगणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही. या वयात नवीन सवय लागायची नाही.

खटल्याचं म्हणशील तर मी कुणाचा वकील नाही. सकाळी पायाखाली येतं ते उचलतो. घरच्या मुलीला लिहिताना आजवर खाडाखोड केली नव्हती, या पत्राचे तीन कागद फाडले.

तब्येतीला जप.

काका

——

दि. १३ ऑक्टोबर

प्रिय आर्किटेक्टबाई,
स. न. वि. वि.

मी तुम्हाला पत्र लिहीत नाही, कौतुक करायचं तर समोर करते. आज मात्र लिहायला हवं.

काल पहाटे माझी दाढ ठणकायला लागली. हसू नका, दातांच्या डॉक्टरलाही दात असतात. गोळी शोधायला उठले, उठलेच आहे तर उजाडताना झाडं बघू म्हणून काचेशी गेले. बाहेर तुमचे काका ओल्या गवतात मांडी घालून बसले होते. त्यांच्या मांडीवर, सदऱ्याच्या ओच्यात, पाखरं होती. मी कानात यंत्र घालून बाहेर जाईपर्यंत आणखी दोन आपटली. लहान मुलानं चेंडू मारावा तसा आवाज येतो. त्या एका सकाळी एकोणीस पाखरं मेली. रात्री कुठूनतरी थवा उतरला असावा.

मी विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं, वही दाखवली, आणि पुन्हा पुन्हा म्हणाले की यात पोरीचा दोष नाही, तिला कळलं असतं तर तिनं असं केलंच नसतं. तुम्हाला कळवलं होतं का असं मी विचारलं तेव्हा ते वही मिटून पाखरं पुरायला उठले. मग मीही पुढे विचारलं नाही. ते रडत होते असं ते तुम्हाला लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहिते.

मी तुमच्यावर चिडलेली नाही. ही काच मीच मागितली होती, तुम्ही मध्ये खांब सुचवला होता तो मीच काढायला लावला. सहा महिने इथे बसून मी म्हणत आले की माझ्यात आणि रानात आता काही राहिलं नाही. राहिलं होतं, ते मला दिसत नव्हतं, आणि त्यांनाही.

मला विटांची भिंत नको आणि पडदेही नकोत. पण हे असं बघितल्यावर या खुर्चीत बसून चहा गळ्याखाली उतरत नाही. माझ्या धंद्यात एक शिस्त होती : दात आपण दुखवला तर आपणच बसून बरा करायचा, पेशंटला दुसरीकडे धाडायचं नाही. तुम्ही या.

आपुलकी आहे, म्हणूनच स्पष्ट लिहिलं.

आपली,
घरमालकीण

——

दि. १६ ऑक्टोबर

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

बाईंचं पत्र आलं. तुमचंही पुन्हा काढून वाचलं, आणि मी तुम्हाला काय लिहिलं होतं ते आठवून पुढे वाचवेना.

शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीनं येते. तुमच्या खोलीत खाली सतरंजीवर झोपेन, बाईंच्या पाहुण्यांच्या खोलीत नाही. उजाडायच्या आत मला उठवा. उठले नाही तर लहानपणी उठवायचात तसं पांघरूण ओढा.

बाकी काय बोलायचं ते समोर बोलते.

तुमची,
मुंगी

——

दि. २५ ऑक्टोबर

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. डबा गाडीतच संपवला, शेजारच्या बाईंनाही दिला.

त्या सकाळी तुमच्याजवळ बसले असताना मला बोलताच आलं नाही, म्हणून लिहिते. तुम्ही मला झुडपाशी नेऊन, वाकून फांदीच्या उंचीवरून बघायला लावलंत. मी बघितलं. काका, तिथे घर नव्हतंच. ड्रॉइंगवर मी दीड वर्ष तेवढ्याचसाठी झटले होते. माझ्या मनात बघणारी सगळी माणसंच होती. रस्त्यावरून बघणारी, खुर्चीतून बघणारी, कॅमेऱ्यातून बघणारी. त्या रानात आधीपासून राहणाऱ्यांना ते कसं दिसेल, हे माझ्या टेबलाशी कुणी विचारलं नाही, आणि मीही नाही.

ते पिवळ्या पोटाचं पाखरू माझ्या हातात दिलंत तेव्हा ते गरम होतं. एवढं हलकं काही मी कधी धरलं नव्हतं. त्याची मान वळली आणि संपलं. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत, मुद्दाम बघितलं नाहीत, हे मला कळलं. तुम्ही एक शब्द जरी सुनावला असतात तर मला सोपं गेलं असतं.

आता कामाचं. तुम्ही चहा पिताना सांगितलंत ते आल्याबरोबर कागदावर उतरवलं. गिरणीत मागावर ताणा लावतात तसे काचेबाहेर, छपराच्या कडेपासून उभे दोरे सोडायचे, एकमेकांपासून चार बोटांवर. पाखराला दिसेल की इथून आरपार जायला जागा नाही. तुम्ही वर मला समजावलंत की ताण्यातून माशी जाते पण पाखरू जाणार नाही, मागावर चिमण्या यायच्या त्या धाग्यांपाशी वळायच्या. मी इथे येऊन चार जाणकारांना विचारलं. दोघांनी सांगितलं की असे दोरे काही ठिकाणी लावतात आणि ते चालतात. म्हणजे तुम्ही बागेत बसून शोधलंत ते बरोबर आहे. माझ्या मापात चार बोटं म्हणजे आठ सेंटिमीटर. सत्तर फुटांना दोनशे सदुसष्ट दोरे. वरचा पाइप आणि गडद हिरव्या दोऱ्याची रिळं परवा ट्रकनं पोचतील.

थोरल्या साहेबांना सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी मला खोलीत बोलावून समजावलं की दोरे जरूर लाव, पण एकवीस तारखेला लाव, चार आठवड्यांनी काय बिघडतं? परीक्षक काच बघायला येताहेत, त्यांना चिकाचा पडदा दाखवशील तर पाचांतून पहिलं तुझंच नाव खोडतील. मी रात्रभर विचार केला. तेच चार आठवडे थवे उतरायचे आहेत. मी दोनदा पत्र लिहून थांबा म्हणणार होते, हेही तुमच्यापासून लपवत नाही. सकाळी उठून ट्रकवाल्याला फोन केला.

दोरे लावा काका. आले की लगेच लावा.

तुमचा जीव दुखवला, त्याला माफी पुरत नाही. तरी द्या.

तुमची,
मुंगी

——

दि. ७ नोव्हेंबर

चि. मुंगी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

माफीचं पुन्हा लिहिलंस तर उत्तर देणार नाही. लहानपणी माझा चष्मा फोडून तू शेजाऱ्याच्या मांजराचं नाव पुढे केलं होतंस. त्या मानानं प्रगती आहे.

दोरे लागले. तीन दिवस लागले. पाइप बसवायला गवंडी आणि लोहार आले, पण दोरे बांधायला मी त्यांना हात लावू दिला नाही. ताणा लावणं म्हणजे काही वळकटी बांधणं नव्हे, एक दोरा सैल राहिला की शेजारचे चार बिघडतात. बाई रिळं सोडायच्या, पोस्टमन सुट्टीच्या दिवशी येऊन शिडी धरायचा, आणि मी बांधायचो. गिरणी बंद झाल्यावर माझ्या बोटांना इतकं नेटकं काम मिळालं नव्हतं. तुझ्या कागदावरचं माप आणि माझी चार बोटं दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत एका दोऱ्याचा फरक पडला. दोनशे अडुसष्ट झाले. माझी बोटं म्हातारपणी बारीक झालीत, दुसरं काय.

बाईंचं सांगतो. पहिल्या दिवशी म्हणाल्या की तुरुंगात बसल्यासारखं वाटतं. दुसऱ्या दिवशी खुर्ची उलटी करून भिंतीकडे तोंड करून पेपर वाचत बसल्या. तिसऱ्या दिवशी वारा सुटला आणि सगळे दोरे एका बाजूनं दुसऱ्या बाजूपर्यंत हलले, शेतावरून वारा जावा तसे. तेव्हापासून खुर्ची पुन्हा सरळ आहे. आता विचारलं तर कुठले दोरे असं मलाच विचारतात.

आज नऊ दिवस झाले. दोन पाखरं आपटली. एक गेलं, एक पायरीवर अर्धा तास बसून राहिलं आणि मग माझ्या समोरून उडालं. थवे येतात, दोऱ्यांपर्यंत येतात, आणि वळतात. वळताना पंखांचा आवाज होतो, तो आता बाईंनाही यंत्र लावून ऐकायचा असतो, म्हणून साडेपाचलाच उठून बसतात. माझी सकाळची शांतता गेली.

माया आहे, दोऱ्यासारखी ताणून धर, तुटायची नाही.

तुझा,
काका

——

दि. २१ नोव्हेंबर

चि. मुंगी हिस,
अनेक आशीर्वाद.

काल परीक्षक येऊन गेले. तू जीव मुठीत धरून बसली असशील, म्हणून जसं झालं तसं सांगतो.

तिघं आले. एक उंच गृहस्थ, एक तरुण चष्मेवाला, आणि एक माझ्या वयाच्या बाई. छपरावरचं गवत बघून तिघंही खूश झाले. आतून दगडाची भिंत हातानं चाचपली. मग पश्चिमेला आले आणि उंच गृहस्थांचा चेहरा पडला. त्यांनी हातातला मासिकातला फोटो वर धरून बघितला, आणि आमच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं की हे आजच्यापुरतं काढता येईल का. बाईंनी त्यांना सांगितलं की तुमचा समोरचा दात किडलाय, तो आजच्यापुरता काढू का. मुंगे, मला तोंड फिरवावं लागलं.

तरुण मुलगा म्हणाला की रचनेची शुद्धता गेली. मला त्यातलं कळत नाही. मी मध्ये बोलायला नको होतं, पण वही खिशात होती, ती काढून दिली. तो चाळत बसला. वयस्कर बाईंनी मला विचारलं की हे कुणाच्या डोक्यातून निघालं. मी सांगितलं, दोरे माझे, पण ते परीक्षेच्या आधी लावायची हिंमत माझ्या पुतणीची. त्यांनी एका दोऱ्याला बोट लावलं, तो हलला, आणि त्या बराच वेळ बघत राहिल्या. जाताना नमस्कार केला. उंच गृहस्थांनी केला नाही.

मला निकालाचं कळत नाही. पण त्यांची गाडी गेल्यावर बाई आणि मी पायरीवर बसलो आणि मला वाटलं, तुझं घर मी काल पहिल्यांदा न घाबरता दाखवलं.

तुझा,
काका

——

दि. १५ डिसेंबर

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

निकाल लागला. आपलं घर नाही. पुरस्कार समुद्रकाठच्या एका पांढऱ्या घराला मिळाला. परीक्षकांच्या टिपणात आपल्याबद्दल एक ओळ आहे : मूळ कल्पना असामान्य, अंमलबजावणीत तडजोड. उंच गृहस्थांची भाषा असावी.

खोटं लिहीत नाही, ऑफिसच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडले. स्वतःच्या ऑफिसचं नावसुद्धा मनात ठरवून ठेवलं होतं. ते आता राहू दे. साहेबांनी, बघ, सांगितलं होतं ना, असं म्हटलं नाही, कॉफी पाठवली, आणि सोमवारपासून एका बँकेचा जिना दिला.

पण दुसरं एक झालंय. आपल्या बाईंच्या एक जुन्या पेशंट गेल्या महिन्यात तिथे राहून गेल्या ना, पायाला पट्टी बांधलेल्या? त्या मुख्याध्यापिका आहेत, एक छोटी शाळा चालवतात. आताच्या शाळेला लागूनच तळ्याकाठी त्यांना जागा मिळालीय, तीन वर्ग आणि एक वाचनखोली बांधायची आहे. त्यांनी मलाच विचारलं. मासिकातला फोटो त्यांनी बघितलेलाच नाही, त्यांनी दोरे बघितले. सुट्टीच्या दिवसांत करीन, असं साहेबांची परवानगी घेऊन ठरवलंय.

परवा जागा बघून आले. पाणी, लव्हाळं, दोन मोठी झाडं, आणि खूप आभाळ. नेहमीसारखी वही काढली, पेन्सिल टेकवली, आणि थांबले. मला काहीच माहीत नव्हतं. सकाळी तिथे कोण येतं, कुठून येतं, कुठल्या फांदीवर बसतं, पाणी कुठवर चढतं, मुलं खेळायला कुठे धावतील. मी दहाच्या गाडीनं गेले होते.

काका, मला तुम्ही हवे आहात. दया म्हणून विचारत नाही, कामाला विचारते. तुम्ही तिथे जाऊन बसाल का? मुख्याध्यापिका त्यांच्या घरात एक खोली देतील, रोज सकाळ-संध्याकाळ तळ्याकाठी बसायचं आणि दिसेल ते वहीत लिहायचं. महिना, दोन महिने, लागेल तेवढे. माझ्या ड्रॉइंगवर नकाशा काढणारीच्या नावाआधी जागा बघणाऱ्याचं नाव असेल. असं कुठे लिहीत नाहीत, मी लिहिणार आहे. बाईंना मी विचारलं, त्यांनी कळवलंय की फाटक उघडायला त्यांना अजून दोन हात आहेत.

उत्तराची वाट बघते. नाही म्हणालात तर येऊन पांघरूण ओढीन.

तुमची,
मुंगी

——

दि. ९ जानेवारी

चि. मुंगी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

येऊन चार दिवस झाले. खोली चांगली आहे, मुख्याध्यापिका जेवणाच्या बाबतीत तुझ्या काकूच्या वरताण हट्टी आहेत. बसायला त्यांनी वर्गातलं एक लहान मुलांचं स्टूल दिलंय, त्यावर बसलो की गुडघे कानाला लागतात. येणारी-जाणारी पोरं बघून हसतात. काल एका मुलीनं विचारलं की आजोबा, तुम्हाला शिक्षा झालीय का. मी तिला सांगितलं की नाही, मला नोकरी लागलीय.

आता जागेचं. पाणी सकाळी धुरकट असतं, सूर्य वर आल्यावर अर्ध्या तासात स्वच्छ होतं. मोठ्या झाडांपैकी पाण्याजवळचं पोकळ आहे, त्यात कुणीतरी राहतं, अजून तोंड दाखवलेलं नाही. दुसऱ्या झाडाखाली पोरं डब्याच्या सुट्टीत आपोआप जाऊन बसतात, कुणी सांगितलेलं नसताना. मुख्याध्यापिकांना वर्ग जिथे हवेत तिथून पायवाट नाही, पण पोरांनी तुडवलेली एक वाट आहे, ती वाकडी आहे आणि तीच बरोबर आहे. लव्हाळ्यात छोटी करडी पाखरं आहेत, ती खालून उडतात, पुरुषभर उंचीच्या वर जात नाहीत. बगळे संध्याकाळी येतात. तीन दिवस उत्तरेकडून आले, काल मात्र दक्षिणेकडून. म्हणजे त्यांची वाट मला अजून समजलेली नाही. वारा बदलला म्हणून असेल, किंवा पलीकडच्या काठाला काही असेल. पलीकडे जाऊन बसावं लागेल.

तू फोन करून मुख्याध्यापिकांना विचारलंस की काका कधीपर्यंत सांगतील. त्यांनी मला विचारलं, मी त्यांना सांगितलं की बगळ्यांना विचारून कळवतो.

दोन ओळी जास्त लिहितो. गिरणी बंद झाली त्या दिवशी मला वाटलं होतं, आता माझ्या बघण्याला काही किंमत नाही. ते तसं नव्हतं.

जेव, झोप, बँकेचा जिना नीट कर, त्यावरूनही माणसंच चढणार आहेत. पेन्सिल तासून ठेव, पण कागदाला टेकवू नकोस. मी अजून बघतोय.

तुझा,
काका